नाकाबंदीत सापडलेला घडीचा चाकू : एक प्रकरण अभ्यास

ट्रेकला जाणाऱ्या मंडळींत एक वाक्य सर्रास ऐकू येतं: "नऊ इंचांच्या आतला चाकू असेल तर काही होत नाही." वाक्य खोटं नाही, पण ते एका कायद्यापुरतंच खरं आहे. महाराष्ट्रात खिशात किंवा सॅकमध्ये चाकू घेऊन रस्त्यावर आलेल्या माणसाची गाठ दोन कायद्यांशी पडते, आणि त्यातल्या दुसऱ्या कायद्यात इंचांचा हिशेबच नाही. नऊ इंच पाठ असलेली, अगदी सरळमार्गी माणसं अडकतात ती या दुसऱ्या कायद्यात. ते कसं घडतं आणि अडकल्यावर कशाला महत्त्व येतं, हे एका प्रकरणातून सविस्तर मांडतो. प्रसंग आणि त्यातली माणसं अभ्यासासाठी रचलेली आहेत. कलमं, आदेशांची भाषा आणि निकाल खरे आहेत.

काय घडलं

चोवीस वर्षांचा एक तरुण. नोकरी करतो, पुढच्या शिक्षणासाठी परदेशी जायची तयारी चालू आहे, पासपोर्टचा अर्ज अजून करायचा आहे. शनिवारी किल्ल्यावर मुक्काम करून रविवारी रात्री सव्वाअकराच्या सुमारास मित्राच्या स्कूटरवर मागे बसून तो शहरात शिरतो. पाठीवर सॅक. शहराला पोलीस आयुक्तालय आहे, दोन दिवसांवर मोठी मिरवणूक आहे आणि चौकात नाकाबंदी लागली आहे.

"बॅगेत काय आहे?"

"ट्रेकचं सामान आहे साहेब. कपडे, टॉर्च, दोरी. आणि एक चाकू आहे."

चाकू असल्याचं त्यानेच सांगितलं. हवालदाराने सॅकच्या बाजूच्या कप्प्याची चेन उघडली. प्रथमोपचाराच्या डबीखाली, फडक्यात गुंडाळलेला, मिटलेला चाकू निघाला. दोन पंच बोलावले गेले, एक रिक्षाचालक आणि एक औषधाच्या दुकानातला कामगार. एका शिपायाने मोबाइलवर चित्रीकरण केलं. पंचनाम्यात नोंद झाली ती अशी: "एक लोखंडी धारदार बटनाचा चाकू, काळ्या रंगाची मूठ असलेला, अंदाजे नऊ इंच लांबीचा." गुन्हा दाखल झाला शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ४ सह २५ (२५ हे शिक्षेचं कलम) खाली आणि महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७(१) सह १३५ खाली. वडील आले, हजर राहण्याची नोटीस हातात मिळाली आणि पहाटे मुलगा घरी गेला.

पंचनाम्यातलं ते वाक्य आणि लावलेली कलमं मिळून तीन दावे होतात: चाकू बटनाचा आहे, तो नऊ इंचांचा आहे आणि तो "शस्त्र" आहे. तिन्ही तपासून घ्यावे लागतात.

चाकू नेमका कसा होता

पट्टीने मोजला तेव्हा पातं ८.९ सेंटिमीटर लांब आणि २.४ सेंटिमीटर रुंद भरलं. मूठ ११.६ सेंटिमीटर. उघडलेला अख्खा चाकू २०.५ सेंटिमीटर, म्हणजे आठ इंचांहून किंचित जास्त. "अंदाजे नऊ इंच" हा नजरेने घेतलेला, मुठीसकट लांबीचा अंदाज होता, आणि तोही चुकलेला. फिर्यादीत तो उतरला तेव्हा वाचणाऱ्याला वाटावं की पातंच नऊ इंचांचं आहे. कायद्यात मोजतात ते पातं. पात्याची लांबी, पात्याची रुंदी आणि मुठीची लांबी हे तीन आकडे पंचनाम्यात वेगवेगळे, पट्टी लावून लिहिलेले नसतील तर पुढे प्रत्येक टप्प्यावर त्यावरून वाद होतो.

आता बटन. या चाकूच्या पात्याच्या बुडाशी एक बारीक खुंटी आहे. तिला अंगठा लावून पातं स्वतःच्या जोराने ढकलत उघडायचं. पूर्ण उघडलं की मुठीतली एक पातळ पोलादी पट्टी आतल्या बाजूला सरकते आणि पात्याच्या बुडाला अडून बसते, त्यामुळे काम करताना पातं बोटांवर मिटत नाही. मिटवायचं तर ती पट्टी अंगठ्याने बाजूला दाबून धरावी लागते. पातं बाहेर फेकणारी स्प्रिंग यात कुठेच नाही. बटनाचा चाकू वेगळा: कळ दाबली की स्प्रिंगच्या जोरावर पातं खाडकन उघडतं. रामपुरी म्हणून जो चाकू प्रसिद्ध झाला तो याच घराण्यातला, आणि पोलिसांच्या मनात घडीचा चाकू म्हटलं की तोच येतो. रात्री चौकात, विजेच्या खांबाखाली, काळ्या मुठीच्या चाकूवरची खुंटी बटनासारखी दिसणं मला समजू शकतं. पण अटकाव करणारी पट्टी सुरक्षेसाठी असते आणि फेकणारी स्प्रिंग वेगाने उघडण्यासाठी. या दोन यंत्रणांमध्ये कायद्याच्या दृष्टीने फार अंतर पडू शकतं.

शस्त्र अधिनियम काय म्हणतो

१८७८ च्या जुन्या कायद्यात तलवारी, खंजीर, भाले, धनुष्यबाण सगळंच "शस्त्र" होतं. स्वतंत्र भारताने १९५९ मध्ये नवा कायदा केला तेव्हा बंदुका आणि इतर शस्त्रं यांत भेद केला. बंदुकीला कलम ३ प्रमाणे सगळीकडे परवाना लागतो. चाकू-तलवारींसारख्या इतर शस्त्रांसाठी कलम ४ आहे, आणि त्याची रचना वेगळी आहे. एखाद्या भागातली परिस्थिती पाहता तिथे अशी शस्त्रं घेणं, बाळगणं किंवा नेणं यावर नियंत्रण हवं असं सरकारला वाटलं, तर राजपत्रात अधिसूचना काढून त्या भागाला आणि त्या वर्गाच्या शस्त्रांना हे कलम लागू करायचं. अधिसूचना निघाली की तिथे परवाना लागतो. भागापुरती बंदी घालण्याची ही कल्पना जुनीच आहे; मलबारातल्या युद्धसुऱ्यांवर बंदी घालणारा कायदा १८५४ चा आहे.

याचा अर्थ असा, की कलम ४ सह २५ लावलं म्हणजे पहिला प्रश्न आपोआप येतो: कोणती अधिसूचना? तिची तारीख कोणती, क्षेत्र कोणतं, त्यात कोणत्या वर्णनाची शस्त्रं येतात? अधिसूचनेशिवाय कलम ४ नुसता सांगाडा आहे.

नऊ इंच येतात ते नियमांमधून. शस्त्र नियम २०१६ च्या पहिल्या अनुसूचीत पाचवा वर्ग आहे. त्यात तलवारी, खंजीर, संगिनी, भाले यांच्याबरोबर सुरे येतात आणि पातं ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद असलेली तशीच इतर शस्त्रं येतात. घरगुती, शेती, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली वगळून. २०१६ आधीच्या १९६२ च्या नियमांतही हीच मापं होती. नऊ इंच म्हणजे २२.८६ सेंटिमीटर, दोन इंच म्हणजे ५.०८. आपल्या तरुणाचं पातं ८.९ बाय २.४. दोन्ही मापांत ते निम्म्याहूनही कमी भरतं.

त्याआधी आणखी एक पायरी आहे. कायद्याच्या व्याख्येत "शस्त्र" म्हणजे हल्ल्यासाठी किंवा बचावासाठी बनवलेली किंवा त्यासाठी बदललेली वस्तू. केवळ घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी बनवलेल्या वस्तू व्याख्येबाहेर ठेवल्या आहेत. विळा, कोयता, भाजी चिरायची सुरी इथे सुटतात. घडीचा चाकू मधल्या जागेत बसतो: तो स्वयंपाकघरातला नाही, शेतातला नाही, पण हल्ल्यासाठी बनवलेलाही नाही. अशा वस्तूबाबत तिची बनावट, ती विकताना केलेलं वर्णन आणि ती कोणत्या सामानाबरोबर सापडली हे सगळं बोलतं. दोरी, टॉर्च आणि पट्ट्या-मलमाच्या डबीजवळ फडक्यात गुंडाळलेला चाकू एक गोष्ट सांगतो, शर्टाखाली कमरेला खोचलेला दुसरी.

पाचव्या वर्गाबद्दल एक गैरसमज मी वारंवार पाहतो. नऊ इंचांहून मोठं पातं घरात असलं की लगेच गुन्हा, असं लोकांना वाटतं. बाळगण्यासाठी परवाना लागतो तो कलम ४ ची अधिसूचना त्या भागाला लागू असेल तर. उत्पादन आणि विक्रीचे नियम वेगळे आहेत आणि ते जास्त कडक आहेत. घरात ठेवणं, विकणं आणि रस्त्यावर नेणं या तीन क्रियांना कायद्याने तीन वेगळ्या जागा दिल्या आहेत. इंटरनेटवरचे बहुतेक सल्ले इथेच गोंधळतात.

तीन इंच कुठून आले

हा तरुण सांगत होता की त्याने चाकू घेण्याआधी बरंच वाचलं होतं आणि "तीन इंचांपर्यंत चालतो" असंही कुठे तरी होतं. हे तीन इंच ब्रिटनमधले आहेत. तिथल्या १९८८ च्या कायद्यात सार्वजनिक जागी पातं बाळगायला मनाई आहे. धार तीन इंचांपेक्षा जास्त नसलेल्या, घडीच्या खिशातल्या चाकूला त्यातून सूट आहे. पण उघडल्यावर पातं अडकवून ठेवणाऱ्या चाकूला ती सूट मिळत नाही, कारण तिथली न्यायालयं त्याला घडीचा चाकू मानत नाहीत. म्हणजे आपल्या तरुणाचा चाकू तिथे मापानेही बसला नसता आणि यंत्रणेनेही नाही. परक्या देशाचा आकडा उचलला की त्याबरोबरची अट मागेच राहते.

तीन इंच म्हणजे ७.६२ सेंटिमीटर. योगायोगाने हाच आकडा दिल्लीत आहे. दिल्ली प्रशासनाच्या २९ ऑक्टोबर १९८० च्या अधिसूचनेत बटनाचे, गरारीचे (दातेरी चक्राचे) किंवा कोणत्याही यांत्रिक युक्तीने उघडमीट होणारे, ७.६२ सेंटिमीटर किंवा त्याहून लांब आणि १.७२ सेंटिमीटर किंवा त्याहून रुंद पात्याचे चाकू येतात. या अधिसूचनेच्या आधारे तिथे वर्षानुवर्षे नुसता चाकू सापडला म्हणून खटले भरले गेले. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असाच एक गुन्हा रद्द केला. चाकू लहान होता म्हणून नव्हे, तर अधिसूचनेतलं नियंत्रण उत्पादन, विक्री आणि विक्रीसाठी किंवा चाचणीसाठी बाळगणं यापुरतं होतं आणि दोषारोपपत्रात तसा आरोपच नव्हता म्हणून.

हा निकाल प्रत्येक वकिलाने आणि तपास अधिकाऱ्याने वाचावा असं मला वाटतं. त्यात न्यायालयाने चाकूकडे पाहण्याआधी अधिसूचना शब्दश: वाचली. आपल्या प्रकरणात तर तपासाच्या कागदांत अधिसूचनाच नव्हती. वकिलाने तपास अधिकाऱ्याला लेखी पत्र देऊन तिचा क्रमांक आणि तारीख मागितली, उत्तर आलं नाही. दोषारोपपत्र दाखल झालं तेव्हाही ती जोडलेली नव्हती.

दुसरा कायदा, ज्यात माप नाही

आता खरी अडचण. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम ३७(१) पोलीस आयुक्तांना आणि जिल्हा दंडाधिकाऱ्यांना आपापल्या हद्दीत, सार्वजनिक शांततेसाठी, जाहीर आदेशाने काही गोष्टींना मनाई करण्याचा अधिकार देतं. ही मनाई बहुतेकांना जमावबंदीच्या बातमीतून माहीत असते, कारण ३७(१) आणि ३७(३) चे आदेश बहुधा एकत्रच निघतात. बातमीत "पाच किंवा अधिक व्यक्तींना एकत्र येण्यास मनाई" एवढंच ठळक छापून येतं. आदेशाचा पहिला परिच्छेद कुणी वाचत नाही, आणि तो साधारण असा असतो: शस्त्रे, सोटे, तलवारी, भाले, दंडुके, बंदुका, सुरे, काठ्या किंवा लाठ्या अथवा शारीरिक इजा करण्यासाठी वापरता येईल अशी इतर कोणतीही वस्तू बरोबर नेण्यास मनाई.

इथे सेंटिमीटर नाहीत. बटन आहे की खुंटी, यालाही अर्थ नाही. "काठ्या" आहेत, म्हणजे सॅकला बाहेरून अडकवलेली ट्रेकिंगची काठीसुद्धा त्याच वाक्यात बसते. आदेशात सूट असते ती कर्तव्यावरच्या शासकीय सेवकांना. काही शहरांच्या आदेशांत सुरक्षारक्षक आणि चौकीदारांना साडेतीन फुटांपर्यंतची लाठी चालते. ट्रेकर त्या यादीत नसतो. सणवार, निवडणुका, आंदोलनं, बंद अशा काळात हे आदेश पंधरा-पंधरा दिवसांच्या मुदतीने निघत राहतात. मोठ्या शहरांत वर्षाचा बराच भाग कुठला ना कुठला आदेश चालूच असतो. शनिवारी शहर सोडताना आदेश नसावा आणि रविवारी परतताना असावा, हेही शक्य आहे.

शिक्षाही किरकोळ नाही. कलम १३५ प्रमाणे ३७(१) चा आदेश मोडल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते आणि लेखी कारणं नोंदवल्याशिवाय ती चार महिन्यांपेक्षा कमी करता येत नाही, शिवाय दंड. जप्त वस्तू शासनजमा होते. नऊ इंचांचा नियम सांगून निश्चिंत झालेल्या माणसाला हे कलम माहीतच नसतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. कायदा लपवलेला नाही, पण त्याची बातमी देताना नेमका हाच भाग गळतो.

एक गोष्ट या कलमाच्या मर्यादेबद्दल. मनाई आहे ती बरोबर नेण्याला. घरातल्या कपाटातल्या चाकूपर्यंत ३७(१) पोचत नाही. तो चाकू घेऊन माणूस रस्त्यावर आला की मग प्रश्न सुरू होतो.

बचाव कुठे उभा राहतो

शस्त्र अधिनियमाचं कलम तुलनेने सोपं होतं. अधिसूचना नाही, पातं मापात नाही, बटन नाही. बटनाचा मुद्दा सिद्ध झाला तो पोलिसांच्याच चित्रफितीतून. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली आणि तिच्या कलम १०५ ने झडती-जप्तीचं दृकश्राव्य चित्रीकरण बंधनकारक केलं. त्या चित्रफितीत हवालदार चाकू उघडायचा प्रयत्न करतो. आधी खुंटी दाबून पाहतो, काहीच होत नाही. मग दोन्ही हातांनी पातं ओढून काढतो. पुढे मिटवताना अडकतो, कारण आतली पट्टी बाजूला करायची असते हे त्याला ठाऊक नाही; शेवटी तो तरुणच सांगतो, "साहेब, ती पट्टी डावीकडे दाबा." पंचनाम्यातल्या "बटनाचा" या शब्दाचं यापेक्षा स्पष्ट खंडन दुसरं असू शकत नाही. चाकू बंद कप्प्यातून, फडक्यात गुंडाळलेल्या अवस्थेत निघाला, हेही तीच चित्रफीत दाखवते. चित्रीकरणाची ही तरतूद तपासाला जाचक आहे असं काही अधिकारी म्हणतात. मला ती दोन्ही बाजूंची मोठी सोय वाटते.

दोषमुक्तीच्या अर्जावर, म्हणजे साक्षी-पुरावे सुरू होण्याआधीच आरोप वगळण्याच्या मागणीवर, शस्त्र अधिनियमाचं कलम गळलं. गंभीर आरोप तोच होता. तो अजामीनपात्र असल्याने अटक झाली असती तर जामिनासाठी न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे जावं लागलं असतं. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट अटक न करता हजर राहण्याची नोटीस देता येते (संहितेचं कलम ३५(३)), आणि या प्रकरणात तपास अधिकाऱ्याने ती दिली, हे त्याच्या बाजूने नोंदवायला हवं. मुलगा दिलेल्या प्रत्येक तारखेला हजर राहिला. ते चुकलं असतं तर नोटिशीचं संरक्षण गेलं असतं.

उरलं कलम १३५. इथे बाजू अवघड आहे. आदेशाची प्रत पोलिसांनी दाखल केली होती, तारीख आणि हद्द जुळत होती, चाकू जवळ असल्याचं आरोपी नाकारत नव्हता. तरी दोन मुद्दे उभे राहतात.

पहिला, प्रसिद्धीचा. आदेश जाहीररीत्या प्रसृत केलेला असावा लागतो. ठळक ठिकाणी प्रती लावणं, दवंडी, स्थानिक वर्तमानपत्र अशा रीती कायद्यातच दिल्या आहेत. आदेश निघाला हे दाखवणं आणि तो त्या भागात प्रसिद्ध झाला हे दाखवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीचा पुरावा अनेकदा जोडलाच जात नाही: फलकावर लावल्याचा पंचनामा नाही, वर्तमानपत्राचं कात्रण नाही.

दुसरा मुद्दा कलम ३७ च्या उपकलम (२) चा. त्यात मनाई मोडून अशा वस्तूने "सज्ज होऊन" फिरणाऱ्याचा उल्लेख येतो. फडक्यात गुंडाळून, चेन लावलेल्या कप्प्यात, प्रथमोपचाराच्या डबीखाली मिटून ठेवलेला चाकू घेऊन मागच्या सीटवर बसलेला माणूस सज्ज होऊन फिरत होता का? मला हा युक्तिवाद योग्य वाटतो. सरकारी वकील म्हणतील की मुख्य मनाई "बरोबर नेण्याची" आहे आणि नेणं सिद्ध आहे. त्यांच्या म्हणण्यातही दम आहे, म्हणून केवळ यावर विसंबून राहणं धोक्याचं.

हेतूचा पुरावा दोन्ही मुद्द्यांना आधार देतो. ऑनलाइन खरेदीची पावती, ज्यात वस्तूचं वर्णन कॅम्पिंगचा चाकू असं आहे. ट्रेक आयोजकाने आधीच्या आठवड्यात गटावर पाठवलेली सामानाची यादी. मुक्कामाचे, वेळेची नोंद असलेले फोटो. हे इलेक्ट्रॉनिक पुरावे न्यायालयात चालवायचे तर भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. फोनमध्ये आहे, दाखवू, असं म्हणून भागत नाही. मुलाने फोन बदलण्याआधी हे सगळं जतन केलं ते बरं झालं.

"कबूल करून टाकू"

पहिल्याच तारखेला वडिलांनी वकिलांना बाजूला घेऊन विचारलं, "वकीलसाहेब, गुन्हा कबूल करून दंड भरला तर आजच मिटेल ना? त्याची नोकरी आहे, सारखी रजा कुठून आणायची?"

हा प्रश्न रोज कुठल्या ना कुठल्या न्यायालयात विचारला जातो, आणि घाईने दिलेलं उत्तर पुढे महागात पडतं. कबुली म्हणजे दोषसिद्धी. दंडाची रक्कम विसरली जाईल, पण चारित्र्य पडताळणीच्या प्रत्येक अर्जात "आपणास कधी शिक्षा झाली आहे काय" या रकान्यापुढे "होय" लिहावं लागेल. शिवाय कलम १३५ मध्ये चार महिन्यांचा किमान आकडा आहे. न्यायालय लेखी कारणं देऊन खाली येऊ शकतं, पण तसं करायला ते बांधलेलं नाही. कबूल करायचंच असेल तर १९५८ च्या अपराधी परिवीक्षा अधिनियमाचा (शिक्षेऐवजी चांगल्या वर्तनाच्या हमीवर सोडण्याच्या कायद्याचा) लाभ आधी मागावा, कारण त्याच्या कलम १२ मुळे दोषसिद्धीने येणारी अपात्रता लागत नाही. वडिलांना हे सगळं शांतपणे समजावून सांगायला अर्धा तास लागला. मुलाने खटला लढवायचं ठरवलं.

थोडं वेगळं असतं तर

चाकू पॅन्टच्या खिशात, हाताशी असता तर "सज्ज होऊन" हा युक्तिवाद जवळपास संपला असता. चौकात बाचाबाची होऊन तो नुसता उघडला गेला असता, तर प्रकरण भारतीय न्याय संहितेतल्या धमकीच्या कलमांकडे वळलं असतं आणि पात्याची लांबी कुणी विचारली नसती. स्कूटरच्या डिकीत सापडला असता तर वाहनमालक मित्रही आरोपी होण्याची शक्यता होती. चाकू खरोखर बटनाचा असता आणि त्या भागाला कलम ४ ची अधिसूचना लागू असती, तर दोषमुक्तीचा अर्ज टिकला नसता. आणि हाच चाकू विमानाच्या हातातल्या सामानात निघाला असता, तर तिथे हवाई सुरक्षेचे नियम लागतात. चाकू नोंदवलेल्या सामानातच द्यावा लागतो.

ट्रेकच्या गटांना मी एवढंच सांगतो. निघायच्या आणि परतायच्या दोन्ही दिवशी, वाटेतल्या प्रत्येक आयुक्तालयाचा आणि जिल्ह्याचा ३७(१) चा आदेश चालू आहे का ते पाहा. पोलिसांच्या आणि जिल्हा प्रशासनाच्या संकेतस्थळांवर, समाजमाध्यमांच्या खात्यांवर तो येतो. आदेश चालू असेल तर शहरातून चाकू नेऊ नका. दोरी कापायला बोथट टोकाची प्रथमोपचाराची कात्री पुरते. इतर वेळी नेलाच तर मिटलेला, गुंडाळलेला, सॅकच्या तळाशी, खरेदीच्या पावतीच्या फोटोसह. कुणी विचारलं तर स्वतःहून सांगा, पण तो स्वतः काढून उघडून दाखवू नका. पंचनामा झालाच तर सही करण्याआधी वाचा, पात्याचं माप पट्टीने लिहून घ्यायची विनंती करा आणि वर्णन चुकीचं असेल तर तसं तिथेच नोंदवायला सांगा. कितीही उशीर झाला असला तरी.

पासपोर्ट

खटला अजून चालू आहे, आणि मुलाचा प्रवेश पुढच्या वर्षीचा आहे. पासपोर्ट अधिनियम १९६७ च्या कलम ६(२)(फ) प्रमाणे फौजदारी न्यायालयात प्रकरण प्रलंबित असेल तर पासपोर्ट नाकारता येतो. नातेवाइकांनी सल्ला दिला की अर्जात "नाही" लिही, कोण बघतंय. तो मानला असता तर माहिती दडवल्याचा नवा, आणि या वेळी पूर्णपणे खरा, गुन्हा झाला असता. केंद्र सरकारची २५ ऑगस्ट १९९३ ची अधिसूचना यातून रस्ता देते: खटला जिथे चालू आहे त्या न्यायालयाने परदेशी जाण्यास परवानगी दिली तर पासपोर्ट मिळतो, न्यायालय सांगेल त्या मुदतीचा. आदेशात मुदत लिहिलेलीच नसेल तर तो एक वर्षाचा मिळतो. म्हणून वकिलाने परवानगीच्या अर्जात अभ्यासक्रमाचा पूर्ण कालावधी, विद्यापीठाचं प्रवेशपत्र आणि तारखांना वकिलामार्फत हजर राहण्याची हमी, तिन्ही जोडलं आणि मुदत स्पष्ट लिहून मागितली.